कोणाच्या शेजारी कोण
जोडस्तंभालेख आणि आर प्रणाली : प्रस्तावना

महाराष्ट्रातला मुलगा सातवीच्या गणितात जोडस्तंभालेख काढतो. आलेख कागद, टोकदार पेन्सिल, खाली वर्षे, वर क्विंटल, गव्हाचा एक स्तंभ आणि त्याला चिकटून ज्वारीचा दुसरा. आठवीत विभाजित स्तंभालेख येतो, मग शतमान स्तंभालेख. त्यानंतर बहुतेकांचा या प्रकाराशी संबंध तुटतो आणि थेट पदव्युत्तर प्रबंधात पुन्हा जुळतो. तेव्हा हातात संगणक असतो, मार्गदर्शकांनी दिलेली मुदत डोक्यावर असते आणि आलेख काढणे म्हणजे दोन बटणांचे काम, अशी समजूत झालेली असते. बटणे दोनच असतात हे खरे. पण ती दाबण्याआधी कोणाच्या शेजारी कोणाला उभे करायचे, हे ठरवावे लागते. ते संगणक ठरवत नाही. ही पुस्तिका त्या ठरवण्याविषयी आहे. आर या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीतल्या आज्ञा तिच्यात आहेतच, पण त्या निमित्तापुरत्या.

पुस्तिका मलकापुरातल्या वाचकांना समोर ठेवून लिहिली आहे. मलकापूर म्हणजे कराडलगतचे, आगाशिवच्या डोंगराखालचे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे. या गावात आकडे फार तयार होतात. १९८४ साली सुरू झालेले कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे. तिथे वयोगट आणि लिंग, उपचाराआधी आणि उपचारानंतर, औषध घेतलेले आणि न घेतलेले, अशा जोड्यांचे तक्ते दरवर्षी प्रबंधांतून निघतात. याच गावाने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबवली. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने उभी राहिलेली ही योजना देशभरच्या अभियंत्यांनी येऊन पाहिली. तिचा कणा म्हणजे प्रत्येक नळजोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर. मीटर आला की नोंद आली, नोंद आली की तुलना आली : उन्हाळा आणि पावसाळा, हा प्रभाग आणि तो प्रभाग, बंगला आणि चाळ. चारी बाजूंना उसाचा पट्टा असल्याने कारखान्यांच्या शेती विभागांकडे गावनिहाय, लागणनिहाय एकरी उताऱ्याच्या वह्या आहेत. एवढा मालमसाला दाराशी असताना उदाहरणांसाठी आरसोबत येणारे अमेरिकेतल्या मोटारींचे किंवा फुलांच्या पाकळ्यांचे तक्ते वापरण्याचे कारण नाही.

शिवाय सातारा जिल्ह्याला संख्याशास्त्र परके नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली याच जिल्ह्यातल्या बुध गावचा. नमुना पाहणीच्या शास्त्रात त्यांचे नाव जगभर घेतले जाते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पीक कापणी प्रयोगात मोजणीचा चौकोन फार लहान घेतला की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. वि. म. दांडेकर हेही साताऱ्याचेच. नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली त्यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो उष्मांकांच्या मोजपट्टीवर. उपाशी कोणाला म्हणायचे यावर पुढे सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात गाजलेला वाद झाला. दांडेकरांचे म्हणणे, ठरावीक उष्मांक ज्याला मिळत नाहीत तो अपुरा पोसलेला. सुखात्म्यांचे म्हणणे, एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक खालीवर होते, म्हणून सरासरीच्या खाली गेलेला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दोघांच्या हाती बरीचशी सारखीच आकडेवारी होती. भांडण होते ते कोणता आकडा कशाशी ताडून पाहायचा याचे.

दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. प्रत्येक जिल्ह्याशेजारी राज्याची सरासरी ठेवायची आणि जिल्हा जितका कमी पडेल तितका त्याचा अनुशेष, अशी त्यांची रीत. त्या रीतीतून तीन हजार कोटींच्या वरचा अनुशेष निघाला आणि अनुशेष हा शब्द विधिमंडळाच्या रोजच्या बोलण्यात आला. शेजारी सरासरीऐवजी सर्वांत पुढचा जिल्हा उभा केला असता तर रक्कम वेगळी आली असती, आणि राजकारणही. तुलनेचा जोडीदार निवडणे ही आलेख सजवण्यातली बाब नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

स्तंभालेखाच्या जन्मातही जोडी आहेच. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराच्या आलेखांचे पुस्तक काढले. त्यातले बाकीचे आलेख काळाबरोबर चढउतार करणाऱ्या रेषांचे होते. स्कॉटलंडची माहिती मात्र त्याला एकाच वर्षाची मिळाली, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतची. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने सतरा देश-प्रदेशांची नावे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे दोन आडवे पट्टे ओढले, एक आयातीचा आणि एक निर्यातीचा. काळाचे परिमाण नसल्यामुळे त्याला स्वतःला हा आलेख कमी प्रतीचा वाटत होता. पण स्तंभालेखाचा पहिला ठळक नमुना म्हणून इतिहासकार याच आलेखाकडे बोट दाखवतात, आणि तो जोडस्तंभालेख आहे. पुढे १८५८ साली फ्लोरेन्स नाइटिंगेलने तेच हत्यार इंग्लंडच्या सरकारवर उगारले. वीस ते पंचवीस, पंचवीस ते तीस असे वयोगट. प्रत्येक गटात एक पट्टा सामान्य इंग्रज पुरुषांच्या मृत्युदराचा, दुसरा मायदेशीच्या बराकीत शांततेच्या काळात राहणाऱ्या सैनिकांचा. सैनिक हे निवडून घेतलेले धडधाकट तरुण, तरी प्रत्येक वयोगटात त्यांचाच पट्टा लांब. सगळ्या सैन्याची सगळ्या जनतेशी एकगठ्ठा तुलना केली असती तर जनतेतले म्हातारे आणि तान्ही मुले मध्ये आली असती आणि बराकींचा दोष झाकला गेला असता. वय सारखे धरून शेजार लावल्यामुळे पळवाट बंद झाली.

आता आपल्याकडचे आकडे घेऊ. २००१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे सातारा जिल्ह्यात ९९५ स्त्रिया होत्या, सांगलीत ९५७. २०११ मध्ये सातारा ९८८ वर आला, सांगली ९६६ वर गेली. एकाची घसरण, दुसऱ्याची चढण. चार आकडे, दोन जिल्हे, दोन वर्षे : जोडस्तंभालेखासाठी साच्यातून काढल्यासारखा तक्ता. काढून पाहिला की चारही स्तंभ सारखेच दिसतात. हजाराला दहा सेंटिमीटर अशी उंची धरली तर साताऱ्याच्या दोन स्तंभांतला फरक एक मिलिमीटरही भरत नाही. मग कोणीतरी उभा अक्ष ९५० पासून सुरू करतो. लगेच सांगलीचा दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून उंच होतो, कारण आता तो ७ आणि १६ यांची तुलना दाखवतो. पाहणाऱ्याला वाटते, सांगलीत क्रांती झाली. स्तंभाची लांबी हेच त्याचे म्हणणे असते, आणि लांबी शून्यापासूनच मोजायची असते. पाया कापला की स्तंभ खोटे बोलतो, मग बाजूला आकडे कितीही अचूक लिहा.

यावर उपाय अक्षात नाही, प्रश्नात आहे. आपल्याला स्त्रियांची संख्या पाहायची नाही, उणीव पाहायची आहे. हजाराला किती कमी, हे काढले की साताऱ्यात ५ आणि १२, सांगलीत ४३ आणि ३४. शून्यापासून काढलेला हा आलेख प्रामाणिकही आहे आणि बोलकाही.

याच ठिकाणी आणखी एक पाऊल टाकू. २००१ मध्येच शून्य ते सहा वयाच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ होत्या. म्हणजे उणीव १२२ आणि १४९. सर्व वयांची उणीव ५ आणि ४३ आहेच. पुन्हा चार आकडे, आणि त्यांच्या जोड्या दोन तऱ्हांनी लागतात. पहिली तऱ्हा : ‘सर्व वये’ या गटात सातारा आणि सांगली शेजारी, ‘शून्य ते सहा’ या गटात पुन्हा सातारा आणि सांगली शेजारी. पाहणारा म्हणतो, दोन्हीकडे सातारा बरा, सांगली वाईट. दुसरी तऱ्हा : साताऱ्याच्या गटात ५ शेजारी १२२, सांगलीच्या गटात ४३ शेजारी १४९. आता जिल्ह्यांची स्पर्धा मागे पडते आणि साताऱ्याच्या ९९५ या समाधानकारक आकड्यामागे काय दडले होते ते समोर येते. साताऱ्यातून पिढ्यान् पिढ्या पुरुष मुंबईला गिरणीत, माथाडी कामाला किंवा फौजेत गेले. जिल्ह्याचे प्रमाण त्याआधीच्या काही जनगणनांत हजाराच्या वर दिसे, ते मुख्यतः गैरहजर पुरुषांमुळे. लहान मुले मुंबईला नोकरीला जात नाहीत, म्हणून त्यांचा आकडा असे काही झाकून ठेवत नाही. आकडे तेच, रंग तेच, शेजार बदलला आणि एका आलेखाचे दोन निष्कर्ष झाले. दोन्ही खरे आहेत. त्यातला कोणता मांडायचा आहे, हे ज्याला आधी माहीत नाही त्याच्या हाती संगणक जो पहिला येईल तो ठेवतो.

आरच्या भाषेत हा बदल किती लहान आहे पाहा. तिच्या मूळच्या ‘बारप्लॉट’ आज्ञेला चौकटीचा तक्ता दिला की ती स्तंभ एकमेकांवर रचते. शेजारी हवे असतील तर ‘बिसाइड’ खरे आहे असे सांगावे लागते. मग तक्त्याचा प्रत्येक उभा रकाना एक गट होतो आणि आडव्या ओळी त्या गटातले स्तंभ होतात. तक्ता उलटवायला ‘टी’ ही एका अक्षराची आज्ञा पुरते. वर सांगितलेल्या दोन निष्कर्षांत अंतर आहे ते एवढेच, एका अक्षराचे. आरच्या ‘जीजीप्लॉट’ या आलेखांच्या पॅकेजमध्ये आडव्या अक्षावर काय आणि रंगात काय, यांची अदलाबदल केली की हेच होते.

रचायचे की शेजारी ठेवायचे, हा प्रश्नही आवडीचा नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली माणसाची नजर आलेखातून किती अचूक वाचते याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच पायरेषेवरून मोजलेल्या जागा माणूस सर्वांत नेमक्या ताडतो, त्यानंतर लांबी, मग कोन आणि क्षेत्रफळ. रचलेल्या स्तंभात फक्त तळाचा भाग सर्वांच्या सामाईक पायावर असतो, वरचे सगळे अधांतरी. म्हणून भागांची आपसांत तुलना करायची असेल तर जोडस्तंभ घ्यावा, एकूण बेरीज महत्त्वाची असेल तर विभाजित.

आर ही प्रणालीच का, हे विचारले जाईल. तिचा पूर्वज एस, ही भाषा जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत घडवली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिच्याच वळणावर आर रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ती फुकट आहे, आणि तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाला किंवा नगरपरिषदेला हे कारण लहान नाही. लेलँड विल्किन्सन यांनी १९९९ साली आलेखांचे व्याकरण मांडले. हॅडली विकम यांनी २००७ च्या सुमारास त्यावर ‘जीजीप्लॉट टू’ उभे केले. पण फुकटपणापेक्षा मोठे कारण असे की इथे आलेख हा लिहिलेल्या आज्ञांतून निघतो. माउस फिरवून काढलेल्या आलेखात कोणती ओळ गाळली, कोणते दोन गट एकत्र केले, याचा माग राहत नाही. लिहिलेल्या आज्ञा परीक्षकाला दाखवता येतात, आणि पुढच्या महिन्याच्या मीटर नोंदी आल्या की त्याच आज्ञा पुन्हा चालवता येतात.

ज्यांच्यापाशी एसपीएसएस किंवा एक्सेल आहे त्यांनीही पुस्तिका वाचावी. तिथे या आलेखाला ‘क्लस्टर्ड’ म्हणतात. खालच्या अडचणी तिथेही वेगळ्या वेशात भेटतात.

पहिली अडचण तक्त्याच्या मांडणीची. कारखान्याच्या वहीत गावे आडव्या ओळींत असतात आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे चार रकाने. माणसाला हे वाचायला सोपे. ‘जीजीप्लॉट’ला मात्र तीनच रकाने हवेत : गाव, लागण, एकरी उतारा. एका गावाच्या चार ओळी होतात, तक्ता लांबतो. पण आडव्या अक्षावर गाव, रंगात लागण, उंचीत उतारा, असे सरळ सांगता येते. अर्धे नवशिके इथेच अडतात आणि दोष आलेखाच्या आज्ञेत शोधत बसतात.

दुसरी क्रमाची. संगणक नावे अकारविल्हे लावतो : आडसाली, खोडवा, पूर्वहंगामी, सुरू. शेतकऱ्याच्या डोक्यातला क्रम लागणीच्या हंगामाचा आहे, त्यात खोडवा शेवटी येतो, दुसरा कधीच नाही. महिन्यांचे तसेच. पावसाच्या आलेखाने जूनपासून सुरुवात करावी. हा क्रम ‘फॅक्टर’ आज्ञेतून आपण हाताने द्यायचा असतो.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. ‘जिऑम बार’ ही आज्ञा ओळी मोजते आणि ‘जिऑम कॉल’ दिलेला आकडा उंची म्हणून घेते, एवढे बहुतेकांना कळते. पण एका प्रभागाच्या एका ऋतूच्या अनेक नोंदी तशाच ‘जिऑम कॉल’ला दिल्या आणि स्तंभ शेजारी ठेवायला ‘डॉज’ सांगितले, तर त्या सगळ्या नोंदींचे स्तंभ एकाच जागी एकमेकांवर झाकले जातात. दिसतो तो सर्वांत उंच. आलेख देखणा निघतो, कुठलाही इशारा येत नाही, आणि सरासरी म्हणून आपण कमाल छापतो. आधी सरासरी किंवा बेरीज काढावी, मगच चित्र.

चौथी, शून्य आणि नोंद नाही यांतल्या फरकाची. घर वर्षभर बंद होते म्हणून वापर शून्य, हे एक. मीटर नादुरुस्त होता म्हणून आकडाच नाही, हे दुसरे. आलेखात दोन्हीकडे स्तंभ नसतो. त्यातून गटातला एक स्तंभ गायब असला की ‘जीजीप्लॉट’ उरलेल्यांना फुगवून ती जागा भरते. रुंदी कायम ठेवायला ‘प्रिझर्व्ह सिंगल’ सांगावे लागते, आणि नोंद नसल्याचे आलेखाखाली शब्दांत लिहावे लागते.

पाचवी अडचण प्रबंधांतली. समजा पाहणीत साठ स्त्रिया आणि वीस पुरुष आहेत, आणि एखादे लक्षण बारा स्त्रियांत व आठ पुरुषांत आढळले. संख्येचे स्तंभ म्हणतील, स्त्रियांत अधिक. टक्केवारीचे म्हणतील, पुरुषांत दुप्पट : वीस विरुद्ध चाळीस. गटांचे आकार वेगळे असतील तर टक्केवारी घ्यावी आणि प्रत्येक गटात माणसे किती होती ते नावाखाली लिहावे. सरासरीच्या स्तंभावर उभी दांडी काढली तर ती प्रमाण विचलनाची की प्रमाण त्रुटीची, हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही.

सहावी आपली खास. देवनागरी नावे दिली की कित्येकदा आलेखात चौकोन येतात किंवा जोडाक्षरे फुटून वेलांट्या भलतीकडे जातात. अशा वेळी चित्र ‘रॅग’ या पॅकेजमधून साठवावे. अक्षरांची जोडणी ते नीट करते. या एका गैरसोयीपायी मराठी अहवालांत इंग्रजी आलेख चिकटवण्याची सवय लागली आहे, ती सोडता येते.

पुस्तिकेतली प्रकरणे याच क्रमाने आहेत, आणि शेवटचे प्रकरण जोडस्तंभालेख कधी काढू नये याचे आहे. एका गटात चारांहून अधिक स्तंभ झाले की डोळा हरवतो, तिथे लहान लहान आलेखांची रांग बरी. कोयनेच्या जलसाठ्यासारखी दिवसागणिक बदलणारी गोष्ट रेषेनेच दाखवावी. महाबळेश्वरचा साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आणि माणमधला पाचशेच्या आसपासचा पाऊस एका पट्टीवर मांडले तर माणच्या स्तंभांतले महिन्यामहिन्याचे फरक नाहीसे होतात. एकच जिल्हा असला तरी त्यांना दोन पट्ट्या लागतात.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. आज्ञा लिहिण्याआधी कागदावर मराठीत एक वाक्य लिहावे : मला अमुक गोष्टीत अमक्याची तमक्याशी तुलना करायची आहे. वाक्यातले अमके आणि तमके आलेखात एकमेकांना लागून उभे राहिले पाहिजेत, बाकी सर्व काही त्यांच्या भोवती. वाक्य लिहिता आले नाही तर आलेख काढायची वेळ अजून आलेली नाही, तक्ता पुन्हा वाचावा. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी असे वाक्य दिले आहे आणि त्याखाली आज्ञा. आज्ञा काळाबरोबर बदलतील, पॅकेजे जुनी होतील, नवी येतील. वाक्य लिहिण्याची सवय लागली तर पुढची प्रणाली शिकायला आठवडाही लागणार नाही.

 

मलकापूर, ता. कराड, जि. सातारा